धाकटीची खलनायिका

दरवर्षी दुसऱ्या अंकात मरून मरून धाकटीला अगदी वीट आला होता.

त्या काळी कचेऱ्या-कचेऱ्यांमध्ये नाट्यस्पर्धा होत. दिवसभर जांभया देणारी माणसं कचेरी सुटली की टेबलं भिंतीला सरकवत आणि तालमीत अशी काही तडफ दाखवत, की ती तडफ कामात दाखवली असती तर खातं बंद करायची वेळ आली असती. पाणीपुरवठा कार्यालयाच्या नाटकात धाकटी नोकरीला लागली त्या वर्षापासून आई होती. नायक वयाने तिच्याहून मोठा असला तरी ती त्याची आईच. नाटक कुठलंही असो, आई पहिल्या अंकात खोकायची, दुसऱ्यात "बाळा, माझी काळजी करू नकोस" म्हणून डोळे मिटायची आणि तिसऱ्या अंकात भिंतीवर फोटो होऊन राहायची. फोटोही दरवर्षी तोच. नाटकाच्या सामानाच्या पेटीत तो कायमचा ठेवलेला असे. स्वतःचा असा फोटो जिवंतपणी वर्षानुवर्षं बघायला काळीज लागतं.

दोष तिच्या आवाजाचा. तिचं टेबल तक्रारींचं. नळ कोरडा पडलेला माणूस जिन्यापासून शिव्या घालत वर यायचा, धाकटी "बसा, पाणी घ्या" म्हणायची आणि तो पाणी नसल्याची तक्रार विसरून पाणी प्यायचा. जाताना "तुम्हीही तब्येतीला जपा, आई" असं सांगून जायचा. शिव्या खात्याला, काळजी तिची. सगळी कचेरी तिला आईच म्हणे. घरी मात्र ती धाकटी. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटीच; कारण त्याच इमारतीत, बरोबर तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर, तिच्या थोरल्या जाऊबाई राहत होत्या आणि त्या थोरलेपण सोडायला तयार नव्हत्या.

पुढच्या वर्षी धाकटी निवृत्त होणार होती. म्हणजे हे शेवटचं नाटक. त्यात एक मालकीणबाई होती, जी दीर गेल्यावर आपल्या विधवा जावेला आणि तिच्या लेकराला घराबाहेर काढते. दरवर्षी असली कामं विधी विभागातली स्टेनो करायची. तिची नेमकी बदली झाली आणि बाकीच्या कुणी बायका हो म्हणेनात. "लोक म्हणतील स्वभावच तसा आहे," असं प्रत्येकीचं म्हणणं. आणि ज्यांचा स्वभाव खरंच तसा होता त्या सगळ्यात आधी म्हणाल्या.

"मालकीणबाई मी करते," धाकटी म्हणाली.

दिग्दर्शक म्हणजे आस्थापना विभागाचे हेडक्लार्क. ते कुठल्याशा नाट्यशिबिराला जाऊन आले होते आणि तेव्हापासून साध्या माणसालाही 'पात्र' म्हणत. ते हसले. मग ती हसत नाही असं पाहून थांबले.

"आई, अहो तुम्ही? खलनायिकेची एक भुवई वर हवी. तुमच्या दोन्ही खाली आहेत."

"वर करीन."

"पण का?"

"एकदा," धाकटी म्हणाली, "फक्त एकदा, मी स्टेजवर आल्यावर लोकांनी मला मनापासून शिव्या द्याव्यात. मेल्यावर टाळ्या पुष्कळ घेतल्या. मला जिवंतपणी शिव्या हव्यात."

यावर दिग्दर्शकांनी तिला अर्ज करायला सांगितलं. भूमिका वाटायचा अधिकार कर्मचारी कल्याण समितीचा होता. अर्ज अधीक्षकांकडे गेला. त्यांनी शेरा मारला, 'आईवरून खलनायिका ही पदोन्नती समजावी की पदावनती?' पदोन्नती असेल तर सेवाज्येष्ठता पाहावी लागणार होती, आणि ज्येष्ठतेत रोखपाल सगळ्यांच्या वर होते. रोखपालांना मिशा होत्या, पण नियमात मिशांबद्दल काही नव्हतं. पदावनती असेल तर आधी धाकटीवर चौकशी बसवावी लागणार होती. शेवटी कुणीतरी 'तात्पुरती प्रतिनियुक्ती' असा शब्द शोधून काढला आणि धाकटी आईच्या पदावर हक्क कायम ठेवून तात्पुरती खलनायिका झाली.

पहिल्याच तालमीत फजिती झाली. "चालती हो माझ्या घरातून!" हे वाक्य धाकटीने असं म्हटलं की विधवा जाऊ झालेली नवी कारकून मुलगी म्हणाली, "जाते, पण तुम्ही जेवून घ्या." ते नाटकात नव्हतं. तिच्या तोंडून आपसूक निघालं.

"आई," दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाले, "शिबिरात सांगितलंय, पात्रं दोन जातींची. सपाट आणि गोल. सपाट पात्र म्हणजे एकच गुण, बाहेरून दिसतो तेवढाच. गोल म्हणजे आतून भरलेलं."

"मी गोल," रोखपाल आपल्या पोटाकडे पाहत म्हणाले.

"तुम्ही नोकर आहात. ट्रे घेऊन या आणि जा. आई, आपल्याला सपाट खलनायिका पुरे. पण वाईटपणा दिसला पाहिजे! जरा सराव करा."

धाकटीने सराव सुरू केला. शेजारची शिवणकाम करणारी बाई इस्त्री मागायला आली, तेव्हा दार अर्धं उघडून ती म्हणाली, "नाही देणार." शेजारीण दोन मिनिटांत थर्मामीटर घेऊन परत आली. कचेरीत एका तक्रारदाराला ती म्हणाली, "नाही होणार तुमचं काम, जा." त्याने इकडे-तिकडे पाहून हळूच विचारलं, "आई, इथं तुम्हाला कुणी त्रास देतंय का?" इमारतीच्या सेक्रेटरींना खबर लागली, तेव्हा ते स्वतः सल्ला द्यायला आले. सल्ला द्यायचा म्हटलं की ते लिफ्टची वाट पाहत नसत.

"वाईट वागणं सोपं आहे हो वहिनी. समोरचा बोलत असताना आपण घड्याळाकडे बघायचं. मी सभांमध्ये तेच करतो."

"म्हणजे तुम्ही वाईट आहात?"

"मी सेक्रेटरी आहे," ते दुखावून म्हणाले आणि जिना उतरून गेले.

शेवटी दिग्दर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं, "पात्र जीवनातून उचला. तुमच्या पाहण्यात कुणी कजाग बाई नाही?"

धाकटीने घरी हाच प्रश्न नवऱ्याला विचारला, तेव्हा त्याने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. नुसतं बोट वर केलं. छताकडे.

जाऊबाईंचं नाव इमारतीत दबक्या आवाजात घेत. मुलांचा चेंडू त्यांच्या गॅलरीत गेला की मुलं नवा चेंडू आणायच्या तयारीला लागत. त्यांचं बोलणं म्हणजे लिंबाची फोड. पिळली नाही तरी थेंब पडायचाच. तरुणपणी सगळं घर एकत्र होतं, तेव्हा चहा-साखरेचे डबे त्यांच्या ताब्यात असत आणि नव्या नवरीने दुसरा चहा मागितला तर त्या आधी घड्याळाकडे बघत, मग तिच्याकडे. घरं वेगळी झाली, दीर गेले, जाऊबाई एकट्या राहू लागल्या, आणि दोघींचं बोलणं पाण्याची टाकी आणि लिफ्ट एवढ्यावर येऊन थांबलं. असं घरबसल्या मिळणारं पात्र सोडून धाकटी उगाच गावभर वाईटपणा शोधत होती!

ती संध्याकाळी वर गेली. दार साखळीपुरतं उघडलं.

"काय हवंय?"

"काही नाही. सहज आले."

"सहज?" जाऊबाईंनी हा शब्द असा उच्चारला की जणू त्याला वास येत होता. "सहज कुणी जिना चढत नाही. बरं, ये. पाय पूस. तिथं नको बसू."

धाकटी धन्य झाली. भुवई, मान, शब्द चघळून टाकायची रीत, सगळं तिने डोळ्यांत भरून घेतलं आणि घरी येऊन आरशासमोर करून पाहिलं. मागून धप्प आवाज आला. नवरा खुर्चीवर ताठ बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. मला वाटलं वहिनी आल्या. मी स्टुलावरचे पाय खाली घेतले."

इतकी मोठी पावती तिला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. मग ती रोज जायला लागली. जाऊबाई बोलत आणि ती त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत बसे. हात कसा हलतो, ओठ कधी मुडपतात, कुठल्या शब्दावर आवाज चढतो. मध्ये-मध्ये विचारी, "मग? मग तुम्ही काय म्हणालात?"

आणि इथंच घात झाला. जाऊबाईंच्या तोंडाकडे असं टक लावून कुणी कधी बघितलं नव्हतं. "मग तुम्ही काय म्हणालात" असं तर जन्मात कुणी विचारलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी साखळी निघाली. पुढच्या आठवड्यात चहा आला, तोही गोड. मग एके दिवशी गॅलरीतून चेंडू खाली आला. मुलं आधी पळून गेली. बॉम्ब असेल असं त्यांना वाटलं. मग दुसरा आला, तिसरा आला, वर्षानुवर्षांचे चेंडू टपटप खाली पडायला लागले, त्यातले काही ज्यांचे होते ती मुलं आता मिशा फुटून नोकरीला लागली होती.

सेक्रेटरी धावत धाकटीकडे आले. "वहिनी, खरं सांगा. डॉक्टरांनी त्यांना काही सांगितलंय, की त्या जागा विकताहेत?"

धाकटीला रडू यायचं बाकी होतं. तिचं पात्र तिच्या डोळ्यांदेखत वितळत होतं. तिने डिवचायचा प्रयत्न केला. जाऊबाईंच्या चकचकीत टेबलावर गरम कप बशीशिवाय टेकवला. पूर्वी अशा कपाने घरात महाभारत झालं असतं.

"असू दे गं," जाऊबाई म्हणाल्या. "टेबल काय डोक्यावर घेऊन जायचंय? तू बिस्कीट घे."

बरं, धाकटी होती प्रामाणिक. काल जसं पाहिलं तसं ती आज तालमीत करायची. त्यामुळे एके दिवशी दिग्दर्शकांनी खुर्चीवरून उठून हात जोडले.

"आई, तुमची मालकीणबाई दिवसेंदिवस मऊ पडत चाललीय. आज तर तुम्ही त्या विधवेला घराबाहेर काढताना तिच्या मुलाची टोपी नीट केलीत! उद्यापर्यंत सुधारणा नाही झाली तर मी रोखपालांच्या मिशा काढतो."

रोखपालांनी मिशांवर हात ठेवला आणि धाकटीकडे असं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा.

त्या संध्याकाळी ती वर गेली नाही. दार लावून बसली आणि डोळे मिटून मागे मागे गेली, सगळं घर एका चुलीवर होतं तिथपर्यंत. आठवण ही मोठी चिवट वस्तू. काल चष्मा कुठे ठेवला ते सांगत नाही, पण कोण्या काळी जाऊबाईंनी साखरेच्या डब्याचं झाकण कसं लावलं ते लगेच पुढ्यात आणून ठेवते. तो ठसका आठवला. "आत्ता तर घेतलास ना चहा?" हे वाक्य आठवलं. ते ऐकून भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली नवी नवरीही आठवली, आणि इतक्या वर्षांनी तिला पुन्हा राग आला. खणखणीत, ताजा राग!

दुसऱ्या दिवशी तालमीत तिने डब्याचं झाकण आपटलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालती हो." नवी कारकून मुलगी खरंच रडायला लागली. रोखपालांच्या हातून ट्रे पडला. दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाले, "सपाट! एकदम सपाट! क्या बात है!"

सगळं मार्गी लागलं, आणि मग जाऊबाईंनी धाकटीला जिन्यात गाठलं.

"तुझं नाटक आहे म्हणे. मी येणार. पहिल्या रांगेत बसणार. तू रोज येतेस माझ्याकडे, मी एक दिवस नको यायला?"

धाकटीच्या पायाखालची पायरी सरकली. खुर्च्या टोचतात, नाटक टाकाऊ आहे, पंखे आवाज करतात, तिने सगळं सांगून पाहिलं. जाऊबाईंनी नवी शाल इस्त्रीला टाकली होती. मग तिला नियम आठवला. पास फक्त कुटुंबीयांना, आणि खात्याच्या लेखी कुटुंब म्हणजे पती, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. जाऊ त्यात बसत नव्हती. जन्मात पहिल्यांदा धाकटीला नियम बनवणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

"जाऊ बसत नाही?" जाऊबाई म्हणाल्या. "कोण म्हणतो?"

"अधीक्षक."

दुसऱ्या दिवशी जाऊबाई कचेरीत आल्या. अधीक्षकांच्या खोलीचं दार बंद झालं. आतून आवाज एकच येत होता आणि तोही फार हळू. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. हातात दोन पास होते, एक स्वतःसाठी आणि एक पर्स ठेवायला. अधीक्षक त्या दिवशी डबा न खाताच घरी गेले. इतक्या दिवसांत जाऊबाईंनी एकदाच अस्सल रूप दाखवलं आणि धाकटी त्या वेळी नेमकी दाराच्या बाहेर!

नाटकाच्या दिवशी ती विंगेत उभी होती. पडद्याच्या फटीतून पहिली रांग दिसत होती. मधोमध जाऊबाई, शेजारच्या खुर्चीत पर्स. एकीकडे आयुष्यभराची हौस, दुसरीकडे गोड चहा. इतक्या वर्षांनी दार उघडलं होतं, आणि आता भरल्या सभागृहात आपणच ते धाडकन लावणार. नवी कारकून मुलगी म्हणाली, "आई, पाणी देऊ?" धाकटी म्हणाली, "आई म्हणू नकोस मेले आज तरी," आणि पुढे गेली.

पहिला अंक तुफान रंगला. ठसका, घड्याळ, आपटलेलं झाकण, लोक चुकचुकले, कुणी "काय बाई आहे!" म्हणालं. शिव्या अगदी ओठांवर येऊन ठेपल्या होत्या. पडदा पडला आणि धाकटी मेकअपच्या खोलीत येऊन बसते न बसते तोच दारातून शाल आत आली. दिग्दर्शक म्हणाले, "बाहेरच्यांना इथं—" आणि जाऊबाईंनी नुसतं पाहिल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले.

"ती मी आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"जाऊबाई, मी... माझं चुकलं, मी खरं म्हणजे—"

"मध्यंतर किती वेळ आहे?"

"थोडाच," दिग्दर्शक भिंतीकडून म्हणाले.

"मग माफी घरी माग. आधी तो डबा घे." जाऊबाईंनी शाल खांद्यावर टाकली. "झाकण कुणी सांगितलं तुला आपटायला? मी कधी झाकण आपटलं? आपटलं की माणूस मोकळं होतं. मी हळू लावायची. असं. आणि मग हात त्याच्यावर तसाच ठेवायची."

"हो," धाकटी हळूच म्हणाली. आता तिलाही तो हात आठवला. "का ठेवायचात?"

"थरथरायचा म्हणून. खाणारी तोंडं एवढी, डबा एक. संपला की सगळे माझ्याकडे बघणार. सासूबाई, सासरे, तुझे दीर, सगळे. तू नवी, तुझ्याकडे कोण बघणार होतं? आणि तू चहा मागायचीस तो असा तोंड पाडून की तुझ्याकडे बघून नाही म्हणवत नसे. म्हणून आधी घड्याळाकडे बघायची. घड्याळ तोंड पाडत नाही." त्यांनी डबा धाकटीच्या हातात दिला. "कर बघू. अं हं. बोटं सैल नको सोडू. हां. आणि ओरडू नकोस. मला राग आला की मी हळू बोलते, ते त्या तुझ्या अधीक्षकाला विचार."

घंटा झाली.

दुसऱ्या अंकात धाकटीने झाकण हळू लावलं आणि हात त्याच्यावर तसाच ठेवला. चुकचुकणं थांबलं. लोक त्या हाताकडे बघत राहिले. विंगेतून दिग्दर्शक दोन्ही हातांनी स्वतःची भुवई वर ओढून दाखवत होते. सपाट पात्र त्यांच्या डोळ्यांसमोर फुगत चाललं होतं. धाकटीच्या लक्षात आलं, आता कुणी शिव्या देणार नाही. मालकीणबाईच्या आतलं लोकांना दिसलं होतं. शेवटची संधी होती आणि ती तिने स्वतःच्या हाताने, त्या झाकणावरच्या हाताने, घालवली होती. तरी हात काढावा असं काही तिला वाटेना.

विधवा जाऊ दारात उभी राहिली, कडेवर लेकरू. धाकटीने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अगदी हळू म्हणाली, "चालती हो माझ्या घरातून."

मुलगी वळली. दार उघडलं.

आणि पहिल्या रांगेत खुर्ची करकरली.

"अगं मेले!" जाऊबाई उभ्या राहून गरजल्या. "लेकराकडे तरी बघ! काय करायचाय तो डबा, बरोबर नेणार आहेस? हात काढ त्याच्यावरचा! थांबव तिला! कुणी तोंडात पाणी घालणार नाही तुझ्या, सांगून ठेवते!"

मग मागून कुणी म्हणालं, "बरोबर बोलल्या!" आणि सभागृह पेटलं. बाल्कनीतून, मधल्या रांगांतून, जाण्यायेण्याच्या वाटेतून, इतकी वर्षं टेबलापाशी येऊन खात्याला घातलेल्या सगळ्या शिव्या आज जणू एकदम तिच्या नावावर येऊन पडल्या. धाकटी डब्यावर हात ठेवून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पाहून लोक आणखी चिडले.

परीक्षकांनी पहिल्या रांगेतल्या त्या बोलण्याला 'बाहेरून मिळालेली मदत' ठरवून गुण कापले आणि ढाल रस्ते विभागाला दिली. धाकटीला एक प्रशस्तिपत्र मिळालं, पण ती सगळी आधीच छापून ठेवलेली असल्यामुळे त्यावर 'उत्कृष्ट आई' असंच होतं. रोखपालांनी मिशांना पीळ देत तिचं अभिनंदन केलं.

घरी जाताना दोघी जावा हळूहळू चालल्या होत्या, एकीचे गुडघे, दुसरीचा दम. धाकटीने विचारलं, "जाऊबाई, तुम्हाला वाईट वाटलं असेल ना? एवढ्या लोकांसमोर?"

"वाईट कसलं?" जाऊबाई तिच्या दंडाला धरून फुटपाथ उतरल्या. "त्या बाईला एकदा फाडफाड बोलायची माझी फार वर्षांची इच्छा होती. कधी समोरच आली नाही."